कोठ्यातला पावडीमाग आणि पहिली सतरंजी

पहिली सतरंजी विणायला चार दिवस धरा. त्यातले अडीच दिवस विणकाम होतच नाही. सूत मोजायचं, ताणा (लांबीतले उभे धागे) घालायचा, तो रुळावर चढवायचा, मग एकेक धागा ओवत बसायचं. नवा माणूस इथंच कंटाळतो आणि घाई करतो, आणि ती घाई पुढं कापडात उतरते. माझ्याही उतरली. माझी पहिली सतरंजी एका टोकाला सव्वीस इंच रुंद आहे आणि दुसऱ्या टोकाला एकवीस. घरात तिला ‘सूप’ म्हणतात, आणि पाहुणे आले की मुद्दाम तीच अंथरतात.

म्हणून हा लेख विणण्याबद्दल कमी आणि त्याआधीच्या अडीच दिवसांबद्दल जास्त आहे.

माग कोणता

आपल्या विदर्भात माग म्हटलं की उमरेड, पवनी, मोहाडी, आंधळगाव ही नावं येतात आणि डोळ्यासमोर कोष्ट्यांचा खड्ड्याचा माग येतो. विणकर जमिनीलगत बसतो, पाय खड्ड्यात, पावड्या (पायानं दाबायच्या दांड्या) त्याही खड्ड्यात. टसर रेशमाची करवतकाठी साडी अशाच मागांवर पिढ्यान्‌पिढ्या निघाली. खड्ड्यामागचं शहाणपण ओलाव्याचं आहे. कापसाचं सूत दमट असलं की बळकट राहतं, कोरडं पडलं की तुटतं, आणि जमिनीलगतची हवा थोडी ओलसर असते.

पण सतरंजीसाठी, तेही नव्यानं शिकताना, मी खड्ड्याचा माग सुचवणार नाही. एक तर आता बहुतेक घरांत फरशी आली. दुसरं, आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नीट बांधून न घेतलेला खड्डा दोन पावसाळ्यांत वाकडा होतो. त्यापेक्षा जमिनीवर उभा राहणारा चौकटीचा माग बरा. चार खांब, वर आडव्या तुळया, मागं ताण्याचा रूळ, पुढं कापडाचा रूळ, मध्ये लोंबणाऱ्या वया, आणि खाली दोन पावड्या. गालिच्याचा माग वेगळा असतो. त्यात ताणाच भिंतीसारखा वरून खाली उभा असतो. त्याचा विचार इथं नको.

मागाचे भाग एकदा ओळखून घ्या, कारण पुढं हेच शब्द येत राहतील. लांबीत जाणारे उभे धागे म्हणजे ताणा, त्यांतून आडवा जातो तो बाणा. ताण्याचे धागे वरखाली करणारे दोऱ्यांचे फासे म्हणजे वई. कोणी बय म्हणतं. एका दांडीवर ओळीनं वया असतात, अशा दांड्या दोन. धाग्यांत अंतर राखते ती फणी. फणी ज्या लाकडी झोक्यात बसवलेली असते आणि जो ओढून बाणा ठोकायचा, तो हात्या. बाणा घेऊन जातो तो धोटा. पायाखाली पावडी.

चालतं ते असं: दोन्ही वयांच्या दांड्या वरच्या एका फिरत्या लाकडावरून दोरीनं एकमेकींना बांधलेल्या असतात, विहिरीच्या रहाटावर दोन बादल्या असाव्यात तशा. डावी पावडी दाबली की एक दांडी खाली येते, म्हणून दुसरी वर जाते. मधल्या फटीतून धोटा टाकायचा. उजवी दाबली की उलटं. सतरंजीला एवढं पुरतं. झटक्याच्या दोरीनं पळणारा धोटाही लागत नाही; चिंध्यांचा जाड बाणा हातानंच टाकावा लागतो.

सुतार गावातला असेल तर माग बनवून घ्या. तीस इंच विणीसाठी चौकट साधारण साडेतीन फूट रुंद, साडेतीन-चार फूट लांब आणि पाच फूट उंच हवी. खांब तीन बाय तीन इंचांचे, रूळ चार इंच जाडीचे आणि तंतोतंत गोल. सागवान उत्तम, पण बाभूळ स्वस्त पडते आणि जड असते, आणि इथं जडपणाच कामाचा आहे. हलका माग हात्याच्या प्रत्येक ठोक्यासरशी फरशीवर सरकत जातो. सांधे खिळ्यांनी पक्के करू नका. एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या भोकात घालून पाचर मारायला सांगा. मे महिन्यात लाकूड आकसतं, पाचरी सैल होतात, ठोकून बसवता येतात. खिळ्याचं भोक एकदा मोठं झालं की झालं.

जुना माग घ्यायचा असेल तर रूळ हातानं फिरवून पाहा. वाळून वाकलेला रूळ कुठल्याच उपायानं सरळ होत नाही. रूळ अडवून धरणारं दात्याचं चाक आणि खटका झिजलेला नाही ना, तेही बघा. आणि सोबत मिळणाऱ्या फणीवर भुलू नका. मी भुलले होते. साड्यांच्या मागाची फणी इतकी बारीक असते की सतरंजीचं जाड सूत तिच्यात शिरतच नाही. आता ती आमच्या स्वयंपाकघरात पेपर अडकवायला आहे. सतरंजीला इंचाला दहा घरांची, म्हणजे दहा फटींची, फणी घ्या. वीस घरांची असेल तर एक सोडून एक घर वापरून चालतं, मात्र सूत त्या घरातून मोकळं सरकलं पाहिजे.

जागा आणि हंगाम

आमचा माग जुन्या कोठ्यात आहे, जिथं आधी बैलजोडी असायची. तीन बाजूंनी भिंत, एका बाजूनं उजेड, वर कवेलू. उजेड डाव्या किंवा उजव्या बाजूनं यावा. पाठीमागून आला तर तुमचीच सावली कामावर पडते.

माग पाणसळ लावून चारही पायांवर सारखा बसवा. एक पाय पाव इंच जरी अधांतरी असेल तर चौकट तिरकी होते आणि कापड एका कडेला घट्ट, एका कडेला ढिलं निघतं.

एप्रिल-मे हा नव्या माणसाचा हंगाम नाही. पारा पंचेचाळीसवर गेला की सूत सुतळीसारखं खरखरीत होतं आणि घासणाऱ्या प्रत्येक जागी तुटतं. करायचंच असेल तर कूलर लावा, पण त्याचा झोत थेट ताण्यावर नको, भिंतीवर आपटून येऊ द्या. मागाखाली ओलं पोतं अंथरलं तरी फरक पडतो. श्रावण-भाद्रपदात सूत छान वागतं, पण सुती दोऱ्या ओलाव्यानं आखडतात आणि पावड्या रोज वेगळ्या उंचीवर लटकतात. म्हणून पावड्यांच्या दोऱ्या नायलॉनच्या घ्या, बाकी काही नायलॉनचं नको. सुरुवातीला दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यांत चांगले. अडचण एवढीच की तेव्हा कापूस वेचणीला माणूस मिळत नाही आणि तुम्हालाही शेतात जावं लागतं.

सूत किती लागेल

हे गणित कागदावर करा. अंदाजानं घेतलेलं सूत नेमकं दहा धाग्यांनी कमी पडतं.

सुताचा नंबर म्हणजे काय, ते आधी. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तो त्याचा नंबर. १० नंबरचं सूत म्हणजे पौंडाला ८४०० वार. सतरंजीच्या ताण्याला हेच १० नंबरचं सूत सहापदरी पिळलेलं घ्या. सहा पदर झाले म्हणून लांबी सहावा हिस्सा उरली, म्हणजे पौंडाला १४०० वार.

आता आपल्याला दोन फूट बाय तीन फूट अशा तीन सतरंज्या एकाच ताण्यावर काढायच्या आहेत. एकीसाठी ताणा घालू नका, वाया जाणारं सूत तेवढंच जातं. विणताना रुंदी आत ओढली जाते, म्हणून चोवीस इंचांसाठी फणीत सव्वीस इंच धरा. इंचाला दहा धागे, म्हणजे २६० घरं. दोन्ही कडांच्या शेवटच्या चार-चार घरांत दुहेरी धागा घालायचा, म्हणजे आणखी आठ. एकूण २६८ धागे. लांबी: प्रत्येक सतरंजीला ४० इंच, कारण ताणा बाण्यावरून वरखाली जाताना आकसतो, असे १२० इंच. दशांसाठी (टोकांना सुटे लोंबणारे धागे) प्रत्येकी १० इंच, म्हणजे ३०. आणि मागावर बांधण्यात, वयांमागं अडकण्यात जाणारे ३० इंच. झाले १८० इंच, म्हणजे बरोबर ५ वार.

२६८ धागे गुणिले ५ वार म्हणजे १३४० वार. पौंडाला १४०० वार होते, म्हणजे पौंडभर सूत जेमतेम पुरतं. अर्धा किलो घ्या, तुटलेले धागे जोडायला उरेल.

बाणा चिंध्यांचा. दोन बाय तीनच्या एका सतरंजीला साधारण किलोभर कापड जातं. सुती नऊवारी लुगडी असतील तर दोन पुरतात. घरात आजीची लुगडी गाठोड्यात पडलेली असतात, पण ती फाडायला काढण्याआधी घरच्यांना विचारा. मी विचारलं नव्हतं.

लुगड्याच्या लांबीत दीड इंचाच्या पट्ट्या फाडा, कापू नका. फाडलेली पट्टी धाग्याच्या रेषेत सरळ जाते. लाल आणि काळं कापड आधी रात्रभर पाण्यात ठेवून रंग सुटतो का बघा. पांढऱ्या पट्टीशेजारचा लाल पहिल्याच धुण्यात पसरतो. सिंथेटिक साड्यांचा बाणा निसरडा असतो, घट्ट बसत नाही, तरी दाराबाहेरच्या पायपुसण्याला तो बरा, लवकर वाळतो.

ताणा घालणं

इथून पुढं हळू.

सपरीत किंवा अंगणात पंधरा फुटांवर दोन भक्कम मेखा रोवा. पंधरा फूट म्हणजेच आपले ५ वार. एका मेखेजवळ, हातभर अलीकडं, आणखी दोन मेखा वीतभर अंतरावर ठोका. या दोन मेखांमध्ये धागा फुलीसारखा जातो: जाताना पहिलीच्या डावीकडून आणि दुसरीच्या उजवीकडून, येताना उलटा. ती फुलीच पुढं प्रत्येक धाग्याचा क्रम सांगते. फुली नसेल तर मागावर चढवल्यावर तुमच्याकडं २६८ धाग्यांचा गुंता असतो, ताणा नसतो.

सुताचा गुंडा पातेल्यात ठेवा म्हणजे तो अंगणभर पळत नाही. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत एक फेरी म्हणजे एक धागा. अशा २६८ फेऱ्या, म्हणजे जवळपास सव्वा किलोमीटर चाल. दर वीस फेऱ्यांनी रंगीत दोऱ्याची खूण बांधा, कारण मध्येच कोणीतरी चहा विचारणार आणि आकडा जाणार.

आणि हे काम एकाच माणसानं, शक्यतो एकाच बैठकीत करावं. पहिल्या वेळी अर्धा ताणा मी घातला, अर्धा वहिनीनं. तिचा हात घट्ट, माझा ढिला. मेखांवर असताना कळलं नाही. मागावर चढवल्यावर डावा अर्धा भाग तबल्यासारखा ताणलेला आणि उजवा झोळीसारखा. ‘सूप’ तिथंच तयार झालं होतं, विणायला सुरुवात होण्याआधी.

सगळे धागे झाले की फुलीच्या दोन्ही बाजूंना दोरी ओवून बांधून टाका. मधेही तीन-चार ठिकाणी करकचून बांधा. मग दूरच्या टोकाकडून ताणा साखळीसारखा गुंफत उचला आणि मागाकडं न्या.

चढवणं आणि ओवणं

ताणा रुळावर सव्वीस इंचांत सारखा पसरायला हवा. त्यासाठी लाकडाच्या पट्टीवर इंचाइंचावर खिळे ठोकून घ्या आणि प्रत्येक घरात दहा-दहा धागे बसवा. दुहेरी धागे दोन्ही टोकांना. फुलीत दोन गुळगुळीत कामट्या घालून त्या मागाला बांधा. आता दोन माणसं लागतात. एकानं समोर उभं राहून ताणा दोन्ही हातांनी सारखा धरून ओढायचा, दुसऱ्यानं रूळ फिरवायचा. ओढणाऱ्यानं धागे विंचरायचे नाहीत. झटकायचे, साडी झटकतात तसे, मग ते आपापले सुटे होतात.

रुळावर प्रत्येक फेऱ्याबरोबर पुठ्ठा किंवा जाड कागद घालत चला. नाहीतर वरचे धागे खालच्या थरात रुततात, काही धाग्यांचा फेरा लहान होतो, आणि विणताना ते आधी ताठ होतात. किराणा दुकानातली खोकी कापून घ्या. वर्तमानपत्र चालत नाही, दबतं.

मग ओवणी. एक माणूस मागं बसून फुलीतून क्रमानं धागा देतो, दुसरा पुढून तारेच्या आकड्यानं ओढून घेतो. सायकलची जुनी तार चपटी करून टोक वाकवलं की आकडा झाला. पहिला धागा पहिल्या दांडीच्या वईत, दुसरा दुसऱ्या दांडीच्या, तिसरा पुन्हा पहिल्या. एवढंच, पण २६० वेळा (कडेचे दुहेरी धागे एकच धरायचे). दर वीस धाग्यांनी तपासा आणि सैल गाठ मारून ठेवा. लागोपाठ दोन धागे एकाच दांडीत गेले तर सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ दिसते आणि ती झाकता येत नाही. नंतर फणीत एका घरात एक धागा. फणी मध्यावरून मोजून सुरुवात करा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी जागा उरते.

पुढच्या रुळाच्या काठीला धागे बांधताना दहा-दहाचा झुबका करा. आधी मधला झुबका, मग दोन्ही कडेचे, मग बाकीचे. पहिल्यांदा अर्धीच गाठ, नंतर सगळ्या झुबक्यांवरून एकदा ताण सारखा करत पक्की.

आता डोळे मिटून ताण्यावर तळहाताची मागची बाजू फिरवा. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, हलकेच दाबत. तळव्यापेक्षा हाताच्या पाठीला जास्त कळतं. जिथं हात बुडतो तिथला झुबका ढिला. मला हे ज्यांनी शिकवलं ते काकाजी उमरेडकडचे, आयुष्यभर साड्या विणलेले. मी तुटलेला वाटणारा एक ढिला धागा ओढून तोडायला निघाले तेव्हा म्हणाले, “तोडतं काऊन वं पोरी? आंधी बाजूचे पाह्य.” बाजूचे चार धागे घट्ट होते, म्हणून तो ढिला वाटत होता. त्या दिवशी आम्ही फक्त झुबके सोडून बांधले, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत.

शेवटी पावड्या. दोन्ही वयांच्या दांड्या एका उंचीवर असताना पावडी जमिनीपासून वीतभर वर हवी आणि दाबल्यावर दोन बोटं वर थांबली पाहिजे. जमिनीला टेकत असेल तर फट पूर्ण उघडणार नाही. फट तीनेक इंच उघडली की पुरे. जास्त उघडण्याच्या नादात धागे ताणले जाऊन तुटतात.

विणणं

पहिल्या चार-सहा ओळी नुसत्या जाड चिंधीच्या घाला. झुबक्यांमुळं पडलेल्या फटी भरून ताणा सारखा पसरतो. या ओळी नंतर काढून टाकायच्या. मग दशांसाठी पाच इंच जागा सोडा; तिथं पुठ्ठ्याची पट्टी घातली तर पुढच्या ओळींना ठोकायला टेकू मिळतो. त्यानंतर ताण्याच्याच सुताच्या आठ ओळी, आणि मग चिंधी.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या: डावी पावडी दाबली की धोटा डावीकडून, उजवी दाबली की उजवीकडून. चहाला उठून परत आलात की धोटा ज्या बाजूला पडलेला आहे, त्याच बाजूची पावडी.

आता ‘सूप’ का होतं त्याचं दुसरं कारण. बाणा सरळ ओढून ठोकला तर तो लहान पडतो, कारण त्याला ताण्याच्या प्रत्येक धाग्याच्या वरखाली नागमोडी जायचं असतं. ती लांबी तो कडांकडून ओढून घेतो. म्हणून बाणा टाकताना फटीत तो धनुष्यासारखा वाकडा ठेवा, मधोमध चार-पाच बोटं उंच. कडेला मात्र ढिला नको. तिथं चिंधी एकदा पिळून वळवा आणि कडेच्या धाग्याला अलगद टेकू द्या. मग पावडी बदला, आणि बदलल्यावर हात्या ओढा. दोन ठोके. एक जोरात मारण्यापेक्षा दोन मध्यम बरे.

तरीही नव्याच्या हातून कडा आत जातातच. त्यासाठी पनीक लावा. बांबूची कामटी, फणीतल्या रुंदीएवढी, दोन्ही टोकांना बारीक खिळे. विणलेल्या कापडाच्या कडांत ते टोचून कामटी आडवी ताणायची, आणि दर दोन इंचांनी पुढं सरकवायची. मी पहिल्यांदा ‘इतकं काय नडलंय’ म्हणून लावली नव्हती.

पट्टी संपली की नव्या पट्टीचं टोक आणि जुन्याचं टोक तिरकं कापून दोन इंच एकावर एक ठेवा. गाठ नको, पायाला टोचते. जोड कडेला येऊ देऊ नका.

कापड हात्याच्या जवळ आलं आणि फट अरुंद झाली की मागचा रूळ सैल करून पुढचा गुंडाळा, आणि हाताच्या पाठीची परीक्षा पुन्हा. रात्री काम थांबवताना ताण सैल करून ठेवा. लांबी मोजण्यासाठी कडेला टाचणीनं फीत लावून ठेवा. गुंडाळलेलं कापड मनातल्या हिशोबात कधीच बरोबर येत नाही. मागावर अडतीस इंच विणलं की खाली उतरल्यावर छत्तीसच्या आसपास बसतं.

धागा तुटला तर नवा धागा फणीतून आणि वईतून ओवून मागच्या तुटक्या टोकाला बांधा, आणि पुढं विणलेल्या कापडात टाचणी रोवून तिच्याभोवती आठाच्या आकड्यात गुंडाळा. टोक नंतर सुईनं आत घाला.

तिसऱ्या सतरंजीवर चित्र

पहिली साधी, दुसरी पट्ट्यांची. तिसरीवर हात बसलेला असतो, तिच्यात एखादा आकार काढून बघा. याच मागावर जमतं. फक्त बाणा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जात नाही. प्रत्येक रंग आपापल्या जागेपुरता जाऊन परत फिरतो. धोटा बाजूला ठेवा. प्रत्येक रंगाची छोटी गुंडी करून फटीत बोटांनी घाला आणि लोखंडी पंज्यानं किंवा जाड दातांच्या कंगव्यानं खाली बसवा. चिंध्यांपेक्षा इथं जाड सूत किंवा लोकर चांगली. मेंढपाळांकडं घोंगडीसाठी कातलेली दख्खनी लोकर मिळाली तर तिची खरबरीत काळी-करडी छटा विकतच्या कुठल्याच सुतात नाही. अशा कामात बाण्यानं ताणा पूर्ण झाकला पाहिजे, त्यासाठी धागे विरळ लागतात. इंचाला दहाच्या या ताण्यावर बारीक बाण्यानं काम भागतं. पुढं फक्त चित्रंच विणायची ठरवलीत तर इंचाला सहा धाग्यांचा वेगळा ताणा घाला.

दोन रंग शेजारी उभ्या रेषेत आले की त्यांच्यामध्ये चीर राहते. बोटभर चीर चालते, उलट रेषा धारदार दिसते. त्याहून लांब असेल तर दोन्ही रंगांचे धागे वळताना एकमेकांत अडकवा, किंवा मागून शिवा. तिरकी रेषा मात्र पायऱ्यांनी आपोआप जोडली जाते, म्हणून पहिलं चित्र तिरक्या रेषांचंच निवडा. कागदावर खऱ्या मापानं काढून ते ताण्याखाली टाचून ठेवा. टोकं तुमच्या बाजूला सोडून विणत असाल तर खालची बाजू दर्शनी होते आणि चित्र उलटं येतं. अक्षरं घालणार असाल तर हे आधी लक्षात ठेवा, उतरवल्यावर नको.

मी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल काढला होता. चाकं जमली, कारण ती मी चौकोनीच केली. शिंगं जमली. वशिंडाला तीन संध्याकाळी गेल्या. गोल उतार म्हणजे पायऱ्याच. फक्त वर लांब, बाजूला आखूड: माथ्याकडून उतरताना पहिल्या पायरीला सहा धागे सोडायचे, मग चार, मग दोन, मग एक धागा दोनदा, मग एक धागा चारदा. हे उमजेपर्यंत माझ्या बैलाच्या पाठीवर डबा ठेवल्यासारखा दिसत होता. भाच्यानं तसाच राहू दे म्हणून हट्ट केला, म्हणून तो डबा अजून आहे.

जुन्या कामाची साधनं जवळून बघायची असतील तर वर्ध्याला मगन संग्रहालयात जा. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते ते सुरू झालं. चरखे आणि खादीच्या कामाची हत्यारं तिथं मांडलेली आहेत. नागपूरला केंद्र सरकारचं विणकर सेवा केंद्र आहे. जाताना स्वतःची बिघडलेली सतरंजी घेऊन जा. चूक समोर ठेवली की शिकवणाऱ्यालाही कुठून सुरुवात करायची ते कळतं.

उतरवणं

तिसरी सतरंजी संपली की शेवटी पुन्हा सुताच्या आठ ओळी, मग चार-सहा ओळी फालतू चिंधी. तिन्ही सतरंज्या सलग उलगडून काढा आणि सतरंजी-सतरंजीमध्ये सोडलेल्या दशांच्या बरोबर मध्ये कापा. कापल्या कापल्या चार-चार धाग्यांच्या गाठी मारा, कापडाला चिकटून. एक बाजू आज आणि दुसरी उद्या असं करू नका, ओळी सुटतात. मग थंड पाण्यात बुचकळून, न पिळता, सावलीत आडव्या वाळवा. दोरीवर टांगल्या तर त्या दोरीची घडी कायमची राहते.

पण मागावरून कापताना वया आणि फणीच्या पुढं हातभर ताणा तसाच सोडा. त्याच्या पुढच्या टोकांना दहा-दहाच्या गाठी मारा म्हणजे धागे वयांतून निसटत नाहीत, आणि मागचं टोक फुलीच्या कामट्यांसकट बांधून ठेवा. पुढच्या वेळी नवा ताणा घातला की त्याचा एकेक धागा क्रमानं या जुन्या टोकांना बांधायचा आणि गाठी हळूहळू वयांतून, मग फणीतून पुढं ओढून घ्यायच्या. ओवणी पुन्हा करावी लागत नाही. गाठ बारीक हवी, फणीत अडकणार नाही अशी, आणि ओढताना दहा-दहा धागेच ओढा. माझ्या मागावर आता सातवा ताणा आहे, आणि वयांमधून ओवणी मी फक्त एकदाच केलेली आहे.